‘हे छापू नका’नंतरची अकरा मिनिटे

मी टेबलाखालून बोलतोय. माझा आवाज दबलेला वाटला तर दोष जागेचा नाही. जे सांगायचे आहे तेच मान खाली घालून सांगण्यासारखे आहे.

मी एक पेडल आहे. ध्वनिमुद्रित केलेले बोलणे ऐकत ऐकत ते टंकून काढणाऱ्या माणसांच्या पायाखाली असते, त्या जातीचे. त्यांचे हात अक्षरांत गुंतलेले असतात, म्हणून आवाज चालवण्याचे आणि थांबवण्याचे काम पायाकडे येते. मला तीन पट्ट्या आहेत. मधली दाबली की बोलणे सुरू होते आणि पाय उचलला की थांबते. डावी दाबली की ते मागे जाते, उजवी दाबली की भराभर पुढे. शिवाय माझ्या अंगी एक चांगली खोड घातलेली आहे. थांबून पुन्हा सुरू होताना मी दोन सेकंद मागे जातो, म्हणजे एखादा शब्द निसटला असेल तर तो पुन्हा कानावर पडावा. मला घडवणाऱ्यांनी माणसाच्या चुकीचा विचार आधीच करून ठेवला होता. माझ्या चुकीचा मात्र केला नव्हता.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे एक कामगार लाकडी दांडक्याने माझी प्रत्येक पट्टी पन्नास वेळा दाबून पाहत असे. पन्नासही वेळा मी दबलो आणि पन्नासही वेळा वर आलो. त्याने माझ्या पाठीवर हिरवा ठिपका चिकटवला. तो ठिपका अजून आहे. त्याच्याकडे पाहण्याची मला अलीकडे लाज वाटते.

तिथून मी एका कलाविषयक त्रैमासिकाच्या कार्यालयात आलो. कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, सगळीकडे पसरलेला करडा गालिचा आणि त्या गालिच्याचे अखंड गळणारे धागे. संपादक कलाजगतातल्या मोठ्या माणसांना भेटून त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून आणत आणि टंकलेखिका त्या कागदावर उतरवत असे. पन्नाशीच्या आसपासची बाई. सकाळी आली की ती उजव्या पायातला बूट काढून बाजूला ठेवी आणि मोज्याच्या पायाने काम करी. बुटातून पट्टीचा अंदाज येत नाही, असे ती म्हणे. वीस वर्षे तिने हेच काम केले होते. तिचा पाय माझ्यावर पडला तेव्हा आपण योग्य घरी आलो असे मला वाटले.

आवाज माझ्यातून जात नाही. तरीही तारेच्या दुसऱ्या टोकाला काय चालले आहे ते मला कळते. कसे कळते, हे मला खात्रीने सांगता येणार नाही.

काय काय ऐकले मी! एक संग्राहक होते. चित्रे विकत घेताना डोळे मिटून घेतो, असे ते अभिमानाने सांगत. एका संग्रहालयाच्या संचालिका प्रत्येक प्रश्नानंतर पाणी पीत. प्रश्न अवघड असला तर घोट मोठा असे. प्रदर्शने रचणाऱ्या एका क्युरेटरांनी तासाभरात ‘अवकाश’ हा शब्द त्रेसष्ट वेळा वापरला. कार्यालयात पानांची मांडणी करणारा एक गृहस्थ होता. दिसेल त्या मजकुराभोवती चौकट टाकायची त्याला सवय, म्हणून सगळे त्याला चौकट म्हणत. तो त्रेसष्टचा आकडा ऐकून म्हणाला, “मॅडम, एवढा अवकाश असता तर माझं टेबल तरी नीट मावलं असतं.”

या सगळ्यांत एक गोष्ट समान होती. कधी ना कधी प्रत्येक जण आवाज खाली आणून म्हणे, “हे छापू नका हं.” आणि नेमका तिथूनच चांगला बोलू लागे.

त्यासाठी कार्यालयात एक रीत होती. ‘हे छापू नका’ ऐकू आले की टंकलेखिका कानांवरचे हेडफोन काढून गळ्यात अडकवी आणि अंगठ्याने माझी उजवी पट्टी दाबून धरी. मध्ये मध्ये मधली पट्टी दाबून हेडफोनचा एक कान क्षणभर लावून पाही. खासगी बोलणे संपले की संपादक मुद्दाम स्वच्छ आवाजात म्हणत, “बरं, पुन्हा सुरू करूया.” ते वाक्य केवळ तिच्यासाठी असे. मधले ती टंकत तर नसेच, पण ऐकतही नसे. “लोकांनी विश्वासाने सांगितलेलं आपण फुकट कशाला ऐकायचं?” ती म्हणे. मला या रीतीचा अभिमान होता. माझी उजवी पट्टी ही सभ्यतेची पट्टी आहे, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

आता त्या मुलाखतीकडे येतो.

ती एका शिल्पकारांची होती. ते कापडाची शिल्पे करत. त्यांचे पहिले प्रसिद्ध शिल्प म्हणजे माणसाच्या उंचीचे, कोणत्याही सांगाड्याशिवाय, तारेशिवाय आपल्या पायावर उभे राहिलेले कापड. त्यावर इतके लिहून आले होते की कापडाला उभे करणारा माणूस हीच त्यांची ओळख झाली होती. संपादक त्यांच्या घरी गेले, दोन तास बोलले आणि ध्वनिमुद्रण घेऊन आले.

एक तास दहा मिनिटांनी शिल्पकार म्हणाले, “हे छापू नका, पण त्या संचालिकाबाईंना कापड आणि पडदा यातला फरक कळत नाही.” संपादक हसले. टंकलेखिकेने रीतीप्रमाणे हेडफोन उतरवले आणि उजवी पट्टी दाबली. थोड्या वेळाने एक कान लावून पाहिले. संचालिकाबाईंचाच विषय चालू होता. तिने पुन्हा उजवी पट्टी दाबली आणि मग पाय उचलला.

पट्टी वर आली नाही.

गालिच्याचे धागे कित्येक महिने माझ्या उजव्या पट्टीच्या कण्याभोवती गुंडाळले जात होते. पट्टी जड झाल्याचे मला जाणवत होते. त्या दिवशी ती दबलेलीच राहिली आणि ध्वनिमुद्रण पुढे पळत राहिले. नेमका तेव्हाच कोणीतरी सही घ्यायला पाकीट घेऊन आला. टंकलेखिका सही करून वळली, तिने पायाने मला एक टिचकी मारली, पट्टी सुटली आणि एक कान लावून तिने मधली दाबताच वाक्य ऐकू आले, “बरं, पुन्हा सुरू करूया.”

“अगदी वेळेवर,” ती समाधानाने म्हणाली.

बोलण्यातली अकरा मिनिटे निघून गेली होती. त्यांत काय होते हे मलाही माहीत नव्हते. त्या वेगाने पळणारा आवाज म्हणजे नुसती चिवचिव असते. पण मी अडकलो होतो, हे मला माहीत होते. माझे दोन सेकंदांचे मागे जाणे अकरा मिनिटांना पुरणारे नव्हते, हेही माहीत होते. मी गप्प राहिलो. पेडलाला बोलता येत नाही, ही सबब मी आजवर स्वतःला पुष्कळदा देऊन पाहिली आहे. ती टिकत नाही. एरवी मी कुरकुरत असे. त्या दिवशी सुटलो तोही मुद्दाम आवाज न करता.

टंकलेली प्रत मुलाखत देणाऱ्याला वाचायला पाठवायची पद्धत होती. ती पाठवण्याआधीच शिल्पकार आजारी पडले आणि तीन आठवड्यांत गेले. संपादकांनी ठरवले, “माणूस गेल्यावर त्याच्या बोलण्याला हात लावायचा नाही. टंकलंय तसंच छापू.” दीड वर्षाने बावीस मुलाखतींचे पुस्तक निघाले. त्यांची मुलाखत पान एकशे अठरावर सुरू होत होती.

महिन्याभरात एक पत्र आले. टंकलेखिकेने ते संपादकांना वाचून दाखवले, म्हणून मला कळले. शिल्पकारांच्या थोरल्या बहिणीचे पत्र होते. चाळीस वर्षे शिवणकाम केलेली बाई, वय चौऱ्याहत्तर. तिने लिहिले होते:

“मुलाखत झाली त्या संध्याकाळी भावाचा फोन आला होता. तो म्हणाला, ताई, उभ्या कापडाचं आज सांगून टाकलं, तुझं नाव घेतलं, पुस्तकात येईल. मी पुस्तक दोनदा वाचलं. मला सापडलं नाही. माझी नजर अधू आहे. कोणत्या पानावर आहे ते कळवाल का?”

संपादक म्हणाले, “असं काही म्हणाले असते तर मला आठवलं असतं. मी समोर बसलो होतो. प्रतीत आहे का बघा.”

“प्रतीत नाही, सर.”

“मग लिहा. मूळ ध्वनिमुद्रण तपासले, तसा उल्लेख आढळत नाही. जरा मऊ शब्दांत लिहा. म्हातारी बाई आहे.”

तिची बोटे थांबली. तिचा पाय माझ्यावर होता. तो थंड पडल्याचे मला जाणवले. ध्वनिमुद्रण कोणीच तपासले नव्हते. तपासली होती ती तिने टंकलेली प्रत. संपादकांना वाटले, बोलले असते तर हिने टंकले असते. तिला वाटले, बोलले असते तर यांना आठवले असते. दोघांनी एकमेकांच्या भरवशावर ते वाक्य पुरे केले. तिने ते टंकले. मऊ शब्दांत टंकले.

पत्र गेले आणि तिचा पाय बदलला. ती मला दाबण्याआधी क्षणभर थांबू लागली. दोनदा तिने ती जुनी मुलाखत उघडली, त्या ठिकाणापर्यंत गेली आणि बंद केली. आठव्या दिवशी तिने चौकटला विचारले, “एखाद्याने छापू नका म्हटलेलं आपण नंतर ऐकलं, तर ते बरं दिसतं का हो?”

तो फूटपट्टी खाली न ठेवता म्हणाला, “मॅडम, ते छापू नका म्हणाले होते. ऐकू नका कधी म्हणाले?”

तिने बूट काढला, हेडफोन लावले आणि मधली पट्टी दाबली. वीस वर्षांत पहिल्यांदाच ती न छापायचे ऐकत होती.

आधी संचालिकाबाई. मग संपादकांचा फोन वाजला. “घ्या ना, घ्या,” शिल्पकार म्हणाले. दार उघडल्याचा आवाज आला आणि संपादकांचा आवाज व्हरांड्यात दूर गेला. खोलीत फक्त शिल्पकार आणि ध्वनिमुद्रणयंत्र उरले. जवळजवळ मिनिटभर काहीच नाही. मग खुर्ची पुढे ओढली गेली आणि आवाज अगदी जवळ आला.

“हे चालू आहे ना? लाल दिवा दिसतोय. आता जे बोलतोय ते छापा. मघाचं नको, हे. माणसासमोर मला जमत नाही, म्हणून… हे जे कोणी ऐकून टाईप करणार असेल, त्यांना सांगतोय. बाई असाल तर बाई, बाप्या असाल तर बाप्या. हे तेवढं सोडू नका.”

टंकलेखिकेने पाय उचलला. आजवर कोणीही, एकाही मुलाखतीत, तिच्याशी बोलले नव्हते.

तिने पुन्हा मधली पट्टी दाबली. मी दोन सेकंद मागे गेलो. “हे तेवढं सोडू नका.”

“ते उभं कापड. आकार माझा आहे. उभं राहणं ताईचं. तीन महिने मी कापड खळीत बुडवत होतो, वाळवत होतो आणि ते माझ्या डोळ्यांसमोर बसत होतं. ती आली आणि म्हणाली, अरे येड्या, शर्टाची कॉलर कशी उभी राहते? तिने दोन थर तिरपे कापले, एकमेकांच्या उलट दिशेला, आणि बोटाबोटावर टिपा मारत गेली. अकरा दिवस. उभं राहिलं. पहिल्या प्रदर्शनात तिचं नाव सांगायचं विसरलो. दुसऱ्या वेळी विसरलो नव्हतो. नंतर लोक लिहायला लागले, आणि आता उशीर झाला असं मीच मला सांगत राहिलो. एकतीस वर्षं. सगळ्या शिल्पांच्या टिपा तिच्या आहेत.”

मग त्यांनी बहिणीचे पूर्ण नाव घेतले. सावकाश, एकेक अक्षर, टंकणाऱ्याला सोपे जावे असे. नंतर दार वाजले आणि संपादक म्हणाले, “बरं, पुन्हा सुरू करूया.”

टंकलेखिकेने सगळे टंकले. एक ‘अं’ही गाळला नाही. तो कागद तिने संपादकांपुढे ठेवला आणि उभी राहिली.

“मी कुठे होतो?” वाचून झाल्यावर त्यांनी विचारले.

“फोनवर, सर. व्हरांड्यात.”

“कुणाचा फोन होता?” ते स्वतःलाच विचारत होते. त्यांना आठवेना. “म्हणजे आपण त्यांना लिहिलं की तपासलं, आणि…”

“मी टंकलं ते.”

“मी सांगितलं ते,” संपादक म्हणाले. त्यानंतर त्या खोलीत बराच वेळ कोणी कोणाकडे पाहिले नाही.

माझ्याकडे तर कोणीच पाहिले नाही. कोणालाच माझा संशय आला नव्हता. टंकलेखिका सगळा दोष स्वतःकडे घेत होती आणि मी तिच्या पायाखाली, हिरव्या ठिपक्यासह, निर्दोष पडून होतो. मला वाटते, माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा काळ तो होता; पट्टी अडकली तो नव्हे.

संपादकांनी कळवले तशी बहीण पुढच्याच आठवड्यात आली. तिच्या चपला मी पाहिल्या: एका चपलेचा पट्टा घरच्याच दोऱ्याने, बारीक आणि सरळ शिवलेला. पुस्तक तिने स्वच्छ कापडात गुंडाळून आणले होते. संपादकांनी माफी मागितली. शिल्लक प्रतींत घालण्यासाठी चिठ्ठी छापायचे ठरवले आहे, असे सांगून त्यांनी मसुदा वाचून दाखवला: “प्रस्तुत शिल्पाच्या निर्मितीत कलावंताच्या भगिनींचे मोलाचे साहाय्य लाभले होते…”

“ते नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी मला त्याचा आवाज ऐकायचाय. मिळेल?”

तिला टंकलेखिकेच्या खुर्चीवर बसवले, हेडफोन लावून दिले. टंकलेखिका बाजूला उभी राहून पाय लांबवून मला चालवू लागली. तिला ती जागा लवकर गाठायची होती, म्हणून तिने उजवी पट्टी दाबली. आणि मी पुन्हा अडकलो. त्या बाईसमोर, त्याच जागी.

“अगं बाई, पुढे गेलं! थांबतच नाहीये,” टंकलेखिका घाबरून म्हणाली.

“पाय काढा बघू.” चौऱ्याहत्तर वर्षांची ती बाई टेबलाचा कोपरा धरून खाली बसली आणि तिने मला उचलून मांडीवर घेतले. “पायडलात दोरे गेलेत. माझ्या मशीनचं दर पावसाळ्यात हेच. कधी साफ केलंत हे?”

“कधीच नाही,” टंकलेखिका म्हणाली. मग हळूच, “त्या दिवशीही हे असंच… तेव्हा वाटलं, पट्टीवरचा पाय माझाच राहिला असेल.”

म्हणजे तिलाही शंका होती. तरी तिने माझे नाव पुढे केले नव्हते.

बहिणीने केसांतली पिन काढली, कण्याजवळ घातली आणि एकेक करडा धागा ओढून काढला. तिची बोटे कोरडी आणि नेमकी होती. ज्या बाईचे नाव मी गिळले होते, तीच माझ्या घशातले दोरे काढत होती. ती रागावली असती, मला आपटले असते, तर मला सोसले असते. तिने पट्टी दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाली, “वस्तू चांगली आहे. हयगय झाली एवढंच.”

मग तिने मला जमिनीवर ठेवले, चप्पल काढली आणि स्वतःचा पाय माझ्यावर ठेवला. “मी चालवते. मला पायडलाची सवय आहे.”

तिने ऐकले. ‘येड्या’ला ती हसली. “मी असंच म्हणाले होते. बरोब्बर,” असे ती कानांवर हेडफोन असल्यामुळे फार मोठ्याने म्हणाली; चौकटने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. तिचे नाव आले तेव्हा तिने पाय उचलला. सगळे थांबले. मग तिने पाय टेकवला आणि मी दोन सेकंद मागे गेलो. तिचे नाव पुन्हा आले. तिने पुन्हा पाय उचलला, पुन्हा टेकवला. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. मोजण्यासारखे ते नव्हते.

हेडफोन काढून ती संपादकांना म्हणाली, “तुमच्या चिठ्ठीतलं ते मोलाचं साहाय्य काढा.”

“मग काय लिहू?”

“तो काय म्हणाला, ते लिहा ना. माझ्या भावाला बोलता येत होतं.”

टंकलेखिका खुर्चीवर बसली आणि तिने चिठ्ठी टंकली: ‘आकार माझा आहे. उभं राहणं ताईचं.’ त्याखाली ते पूर्ण नाव. चौकटने चिठ्ठीच्या मजकुराभोवती चौकट टाकली आणि या वेळी त्याला कोणी हसले नाही. कार्यालयात दोनशे साठ प्रती शिल्लक होत्या. चौघांनी मिळून प्रत्येक प्रतीत पान एकशे अठरावर ती चिठ्ठी चिकटवली. बहिणीने चिकटवलेल्या चिठ्ठ्यांच्या कडा सर्वांत सरळ होत्या.

ती निघाली तेव्हा टंकलेखिका म्हणाली, “मी सोडायला नको होतं. त्यांनी मलाच सांगितलं होतं.” बहीण जिन्यात थांबली. “त्याने एकतीस वर्षं सोडलं,” ती म्हणाली. “तुम्ही दीड.” हे क्षमेचे बोलणे होते की हिशेबाचे, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मी अजून त्याच टेबलाखाली आहे. दर शनिवारी टंकलेखिका मला उलटे करून पिनेने साफ करते. माझी पट्टी हलकी आहे. ‘हे छापू नका’ आले की ती हेडफोन काढत नाही. मुकाट्याने ऐकते आणि टंकत नाही.

पण त्या दिवसाआधी तीनशे चाळीस प्रती बाहेर गेल्या होत्या. त्या कोणाच्या कपाटांत आहेत, कोणत्या वाचनालयांत आहेत, हे इथे कोणालाच माहीत नाही. मला दोनच सेकंद मागे जाता येते. तिथवर माझा पाय पोचत नाही. म्हणून तुमच्यापुढे हे सारे बोललो. बावीस मुलाखतींचे ते पुस्तक तुमच्या हाती आले आणि पान एकशे अठरावर चिठ्ठी नसेल, तर कृपा करून इथे विचारा. टंकलेखिका तुम्हाला ते नाव सांगेल, सावकाश, एकेक अक्षर. समासात लिहून घ्या. पेन्सिलीने नको, शाईने.